ट्रॅव्हलर कॅम्परचं आतलं फर्निचर उपसून नव्यानं करायचंय, प्लाय कुठला, खण कसे, आईसाठी बेड किती उंच?

घाटवाट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत आम्ही जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३३५० व्हीलबेसची. आधीच्या मालकानं ती कॅम्पर करून घेतलेली होती आणि आरसीवर पण कॅम्पर व्हॅन अशीच नोंद आहे, त्यामुळं कागदांचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आतल्या फर्निचरचा. सगळं घरातल्या किचन ट्रॉलीसारखं केलंय, १९ एमएमचा कमर्शियल प्लाय, शटर पार्टिकल बोर्डची, वर चकाचक सनमायका. एकाच पावसाळ्यात खालचे काठ फुगले आणि पापुद्रे सुटायला लागले. आणि जूनमध्ये फोंडा घाट उतरताना मधला खण चॅनलसकट बाहेर आला, त्यात कुकर आणि दोन तवे होते, ते सगळं मुलीच्या पायाशी येऊन आदळलं. लागलं नाही, पण त्या दिवसापासून बायको म्हणतेय की आधी हे सगळं उपसा, मगच पुढची ट्रिप.

आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी ९ वर्षांची आणि आई ७१ ची. आईचे गुडघे पार गेलेत आणि आत्ताचा बेड २७ इंच उंच आहे (खाली मोठं स्टोरेज काढायच्या नादात केलेला), त्यावर तिला चढताच येत नाही. ती दोन ट्रिपा खुर्चीतच मान टाकून झोपली, ते बघून मलाच कसंतरी झालं. तिला पंढरपूर, गाणगापूर करायचंय, समुद्र पण बघायचाय. तिच्यासाठीच ही गाडी घेतली खरंतर.

मला करवत, ड्रिल वापरता येतं, घरातली कपाटं मी स्वतः केलीत. पण गाडीतलं काम कधी केलेलं नाही. तर प्लाय कुठला घ्यावा, खण घाटात उघडू नयेत म्हणून काय करता, बेड कसा बसवावा आणि चार माणसांचं सामान नेमकं कुठं ठेवावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळ भरपूर आहे, गाडी दारात उभीच आहे.

रंधा_करवत (सांगली)

भावा, आमचं सुतारकामाचंच दुकान आहे आणि आत्तापर्यंत दोन गाड्यांचं आतलं काम केलंय, पहिल्या गाडीत ज्या चुका झाल्या त्या दुसरीत टाळल्या म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट वजन. घरात कपाट किती किलोचं झालं कोण बघत नाही, पण गाडीत प्रत्येक किलो टायर आणि ब्रेकवर जातो. १९ एमएमची ८ बाय ४ ची एक शीट ३५ ते ४० किलो भरते, १२ ची २२ ते २५, ९ ची १७-१८ च्या आसपास. वर १ एमएमचा सनमायका म्हणजे शीटमागं अजून ४ किलो, दोन्ही बाजूंनी लावला तर दुप्पट. तुमच्या गाडीत सात-आठ शीट तरी गेल्या असतील, हिशोब करून बघा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तर गाडीत आणूच नका, पाणी लागलं की भाकरीसारखं फुगतं आणि स्क्रू एकदा ढिला झाला की परत धरत नाही.

मी म्हणेन सांगाडा आणि मोठ्या फळ्या १२ एमएम, शटर आणि खणांच्या बाजू ९ एमएम, खणाचा तळ ६. प्लाय आयएस ७१० मार्कचा घ्या, ज्याला आपल्याकडं सगळे मरीन म्हणतात. आयएस ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय म्हणजे तो कमर्शियल, तो घरातल्या कोरड्या खोलीत ठीक आहे, गाडीत पावसाळ्यात ओलं अंग, ओले बूट, किचनचं पाणी हे सगळं चालूच असतं. आणि ७१० घेतला तरी कापलेला प्रत्येक काठ बंद करायलाच पाहिजे, दोन हात वुड सीलर किंवा ऑइल पेंट मारा आणि मग एजबँड, म्हणजे काठावर चिकटवायची पट्टी. तुमचे काठ खालनंच फुगलेत म्हणजे मिस्त्रीनं खालचा काठ उघडा ठेवलाय, दिसत नाही म्हणून तो नेहमी राहतो.

आता १२ एमएम वाकतो असं सगळे म्हणतात. वाकतोच, जाडी १९ वरून १२ वर आणली की ताठपणा जवळजवळ चौथा भाग उरतो. पण त्यावर उपाय जाड प्लाय नाही, खालनं पट्टी मारणं हा आहे. दीड इंची सागाची नाहीतर पाइनची पट्टी दर फुटावर फेविकॉल मरीन लावून स्क्रूनं बसवली की १२ ची फळी दोन माणसं सहज झेलते.

जोड हा दुसरा मोठा विषय. घरचं कपाट एका जागी उभं असतं म्हणून प्लायच्या काठात मारलेला स्क्रू वर्षानुवर्षं टिकतो. गाडीत रोजचा हादरा असतो, काठातला स्क्रू थराथरांमधून फाटत जातो आणि सहा महिन्यांत कुरकुर सुरू. म्हणून कोपऱ्यात आतनं ॲल्युमिनियमचा एल अँगल टाका, आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट हादऱ्यानं सुटतो, नायलॉक सुटत नाही. कोकणात जाणार असाल तर स्क्रू, बोल्ट, बिजागऱ्या सगळं ३०४ चं स्टेनलेस स्टील घ्या, खाऱ्या हवेत साध्या स्क्रूला एका सीझनमध्ये गंज येतो आणि त्याचा डाग सनमायकाच्या काठावर उतरतो.

एक राहिलं, जमिनीत भोक पाडायच्या आधी गाडीखाली जाऊन बघा. ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग तिथंच असतं. शक्यतो जुन्या सीटचे जे बोल्ट पॉइंट आहेत तेच वापरा, ते चॅसिसच्या ताकदीचे असतात.

मीना_भटकंती (नाशिक)

दादा, तुमच्या आईंचं वाचून लिहायला घेतलं. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर चार वर्षं फिरल्या, त्यांना पण गुडघ्याचाच त्रास.

बेडची उंची गादीसकट १७ ते १८ इंच ठेवा, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत. मोजताना गादी दाबली गेलेली धरा, नुसती फळी मोजली तर चुकतं. आणि बेडच्या शेजारी, उठताना हात जाईल तिथं, एक भक्कम उभा दांडा हवाच, बाथरूममध्ये लावतात तसला. तो प्लायला नाही, गाडीच्या लोखंडी फ्रेमला बोल्ट करा कारण माणूस उठताना सगळा भार त्यावर टाकतो. दारातल्या पायरीलाही दांडा लावा. आमच्याकडे आतली पायरी फार उंच होती म्हणून ह्यांनी मध्ये एक ७ इंची लाकडी पायरी करून दिली, चालताना ती आत घेऊन बेडखाली बांधून ठेवायची.

फळी सलग टाकू नका, पट्ट्या टाका, मध्ये दोन बोटांची फट ठेवून. सलग प्लायवर गादी ठेवली की रात्रीचा ओलावा खाली साठतो आणि पावसाळ्यात गादीला बुरशी येते, आमची पहिली गादी अशीच गेली. फोम ४ इंची, आईंसाठी ४० डेन्सिटीचा घ्या, ३२ चा मऊ लागतो पण वर्षभरात कमरेखाली खड्डा पडतो.

आता सामान. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कपड्यांसाठी ड्रॉवर करणं. ड्रॉवरला चॅनल, बाजू, तळ, पुढची फळी, एवढं वजन आणि एवढी जागा फक्त चार कुर्त्यांसाठी? आम्ही वर खिडकीच्या वरच्या पट्टीत कापडी पिशव्यांचे कप्पे केले, जाड कॅनव्हास, पुढून चेन. प्रत्येकाची एक पिशवी, प्रत्येकाचा एक रंग. मुलीला तिचा रंग तिनंच निवडू द्या, मग ती सामान स्वतः आवरते. वर फक्त हलकं ठेवायचं, कपडे, टॉवेल, पोह्यांचे पुडे. कुकर, तवा, पाण्याचा जार, तांदळाचा डबा हे सगळं कमरेच्या खाली.

किचनच्या खणात स्टीलचे डबे वाजतात ना, त्यावर उपाय म्हणजे खणात डब्याच्या मापाची भोकं पाडलेली फळी. ६ एमएमच्या तुकड्यात गोल भोकं, तळापासून दोन इंच वर बसवलेली, डबा त्यात उतरतो आणि हलत नाही. मसाल्याचा डबा, चहा-साखर, तूप सगळ्यांची जागा पक्की. काचेची बरणी एकच, लोणच्याची, ती मोज्यात घालून ठेवते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्याचं करा. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानातून मोठी खोकी आणा, बेड, ओटा, कपाट सगळं खऱ्या मापात पुठ्ठ्याचं कापून चिकटपट्टीनं उभं करा आणि दोन दिवस घरचे सगळे त्यात वावरा. चहा करायचं नाटक करा, रात्री उठून बाथरूमला जायचं करून बघा. आमचं कपाट असंच ५ इंच मागे सरकलं, नाहीतर दार उघडून माणूस आत शिरायला जागाच राहत नव्हती.

बारा_व्होल्ट (चिंचवड)

फर्निचरवर वरचे दोघं छान बोललेत, मी फक्त बॅटरी आणि गॅसच्या खणाबद्दल.

फर्निचर बंद करायच्या आधी वायरिंग ओढून घ्या, नंतर कपाटं फोडावी लागतात. बॅटरीचा खण खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये. १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११-१२ किलोत येते, घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर ५० किलोच्या वर जाते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बेडखाली बंद खणात अजिबात नको. कुठलीही असो, पट्ट्यानं बांधलेली हवी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात, दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही कारण मधली वायर घासली तर जळणार तीच.

गॅसची टाकी साध्या कपाटात ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, बेडखालच्या खणात, जिथं तुमचं पंपाचं स्विच ठिणगी टाकतं. टाकीचा खण आतल्या बाजूनं पूर्ण सीलबंद आणि तळाला थेट गाडीबाहेर निघणारं भोक, एवढं करायचं नसेल तर छोटी कॅनची शेगडी घ्या आणि दाराबाहेर टेबल टाकून तिथंच स्वयंपाक करा. झोपताना शेगडी बंद, आत उब आणण्यासाठी तर कधीच पेटवायची नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म लावा, छोटासा येतो.

दुसरं, घरी केलेल्या बाकावर चालत्या गाडीत कोणी बसायचं नाही. आईंनी सुद्धा नाही. कंपनीची सीट, कंपनीचा बेल्ट. बाक गाडी थांबल्यावरच. आणि सीट कमी-जास्त करणार असाल किंवा बॉडीत नवी खिडकी कापणार असाल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळलीच पाहिजे. आतली कपाटं बदलण्यात तसली अडचण सहसा येत नाही.

लेस्टरकर

नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, इंग्लंडमध्ये असतो. दोन हिवाळे घालवून पेजोची बॉक्सर व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर स्वतः केला. इकडे १ जानेवारी १९९७ पासून पुढे लायसन्स काढलेल्यांना साध्या लायसन्सवर डिझेलची ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे किलो किलोचा हिशोब इकडे सगळेच करतात. काम सुरू करण्याआधी रिकामी गाडी काट्यावर नेली, मग फर्निचर झाल्यावर, मग पाणी आणि माणसं भरून. पुढच्या ॲक्सलवरचं (चाकांच्या आसावरचं) वजन वेगळं, मागच्यावरचं वेगळं. तुम्ही पण तसंच करा. मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे जड सामान टाकलं की सी-सॉसारखं पुढचं टोक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणून पाण्याची टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये.

रंधा_करवत दादांच्या एका गोष्टीत थोडी भर. इकडे कॅम्परमध्ये पॉप्लरचा प्लाय वापरतात, साध्या हार्डवुड प्लायपेक्षा साधारण एक तृतीयांश हलका. आपल्याकडेही हरियाणातल्या यमुनानगर भागात पॉप्लरचा माल खूप होतो, चौकशी करा.

आईंच्या बेडसाठी ओढून काढायचा पट्ट्यांचा बेड बघा. दोन हातांची बोटं एकमेकांत घातल्यासारखं असतं, एक आड एक पट्टी मागच्या चौकटीला पक्की, बाकीच्या पुढच्या चौकटीला. दिवसा २२ इंच खोल बाक, रात्री पुढची चौकट ओढली की ४२ इंचाचा बेड, पाठीचे टेकू मधल्या जागेत बसतात. चॅनल लागत नाही, काही बिघडण्यासारखं नाही, आणि गादीखालून हवा आपोआप खेळते. पट्ट्या १९ एमएमच्या, अडीच-तीन इंच रुंद, काठांना मेण घासा म्हणजे सहज सरकतात. पुढच्या चौकटीला मध्यभागी एक पाय जास्तीचा द्या, नाहीतर कडेला बसल्यावर ती वाकते.

कपाटाची पाठ पत्र्याला चिकटवू नका. थंडीत पत्र्यावर दव धरतं आणि आतले कपडे ओले होतात, इंचभर फट आणि खाली-वर भोकं ठेवली की सुटतं. कोकणातल्या पावसात पण हेच लागू पडेल असं वाटतं, मीना ताई सांगतील.

रंधा_करवत (सांगली)

लेस्टरकर, पॉप्लर हलका आहे हे खरं, पण स्क्रू धरत नाही. मी एका गाडीत शटरला वापरला, बिजागरीचे स्क्रू तीन महिन्यांत फिरायला लागले. तिथं आरपार बोल्ट मारून भागवावं लागलं. ज्याला रोज उघडझाप आहे तिथं नको, वरच्या कप्प्यांना, पार्टिशनला चालेल.

खणांचं राहिलंच होतं. चुंबक घाटात टिकत नाही, सॉफ्ट क्लोज चॅनल पण नाही, ते बंद करायला मदत करतं, धरून ठेवत नाही. एक तर दाबलं की बाहेर येणारं पुश बटणाचं लॉक घ्या, बोटींमध्ये आणि कॅम्परमध्ये तेच असतं. नाहीतर बिनखर्चाची जुनी युक्ती, खणाच्या बाजूंना खालच्या अंगाला पुढं १० एमएमची खाच. खण आत गेला की खाच पुढच्या पट्टीवर खाली बसते, बाहेर काढताना थोडा उचलून ओढायचा. चॅनलचीही गरज नाही. मुलगी पाच मिनिटांत शिकेल. जड भांड्यांना खण करूच नका, वरनं उघडणारी पेटी करा, गुरुत्वाकर्षण फुकटात कुलूप घालतं.

मीना_भटकंती (नाशिक)

हो, फटीचं अगदी बरोबर. तारकर्लीला ऑगस्टमध्ये गेलो होतो, कपाटाच्या पाठीमागची चादर पिळता येत होती. ह्यांनी नंतर पाठीला भोकं पाडली आणि छतावर छोटा पंखा बसवला, मग थांबलं.

घाटवाट_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार खपून जुनं सगळं उपसलं. भंगारवाल्याच्या काट्यावर टाकलं तर ३१० किलो भरलं!! म्हणजे चार-पाच माणसं आम्ही सतत उगाच घेऊन फिरत होतो. रंधा दादांच्या हिशोबानं नवीन सगळं १७०-१८० मध्ये बसतंय. खाली जाऊन बघितलं तर जिथं मी भोक पाडणार होतो त्याच्या बरोबर खाली ब्रेकचा पाइप होता, दादा, तुमचे उपकार.

जुन्या मालकानं गॅसची टाकी बेडखालीच ठेवलेली होती, साध्या प्लायच्या पेटीत, तळ बंद. ती काढली, आता कॅनची शेगडी आणि दाराबाहेर घडीचं टेबल.

पुठ्ठ्याचा प्रयोग कालच केला. मुलीनं वॉशिंग मशीनच्या खोक्यावर शेगडी काढून रंगवली, नळ काढला. आईचा बाक लेस्टरकरांच्या पद्धतीचा, आत विटा रचून पुठ्ठा भक्कम केला, वर घरची गादी. १८ इंच ठेवला तर तिच्या टाचा उचलल्या जात होत्या, तिची उंची कमी आहे. एक इंच कमी करून १७ केला. दांड्याच्या जागी मी स्वतः हात धरून उभा राहिलो आणि तिला चार-पाच वेळा उठायला-बसायला लावलं, मग खुणेची पट्टी मारली. तो दांडा माझ्या अंदाजापेक्षा चांगला सहा इंच पुढं आला.

संध्याकाळी बघतो तर आई एकटीच त्या पुठ्ठ्याच्या गाडीत बाकावर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली खिडकी बरोबर डोळ्यासमोर येते, आता हलवू नको काही. उद्या प्लाय आणायला जातोय. लेस्टरकर, पट्ट्यांमध्ये फट किती ठेवायची, ३ एमएम पुरते का जास्त? पावसाळ्यात लाकूड फुगून अडकायला नको.

लेस्टरकर

पाइन असेल तर ५ ठेवा, तिकडच्या पावसाला ३ कमी पडतील. आणि कापायच्या आधी पट्ट्या आठवडाभर गाडीतच ठेवून द्या, तिथल्या हवेला सरावू देत.